रेसिंग हेल्मेट कसं निवडावं आणि नाशिकच्या हवेत कसं सांभाळावं?

पंचवटीकर

मंडळी, जाणकारांनी मदत करा. गाडी एप्रिलिया आरएस ४५७. रोजचं जाणं-येणं पंचवटी ते अंबड एमआयडीसी, सुट्टीला सापुतारा किंवा कसारा घाट, आणि पुढे कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक डे (शर्यत न लावता ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचे दिवस) करायचे आहेत. यादीत अराई आरएक्स-७व्ही इव्हो, शोएई एक्स-एसपीआर प्रो आणि एजीव्ही पिस्ता जीपी आरआर. डोक्याचा घेर ५८.५ सेंमी, म्हणजे मीडियम आणि लार्ज यांच्या बरोबर मध्ये. कुठलं घ्यावं? आणि एवढं महागाचं हेल्मेट आपल्या पावसात, धुळीत टिकवायचं कसं?

घाटवळण

यादी तूर्त बाजूला ठेवा. तिन्ही हेल्मेटं उत्तम आहेत, पण तुमच्या डोक्याला यातलं एखादंच नीट बसेल आणि एखादं अर्ध्या तासात कपाळ दुखवेल. नुसत्या घेरावरून ते कळत नाही. दोघांचा घेर ५८.५ असला तरी एकाचं डोकं वरून पाहिल्यावर जवळपास गोल निघतं, दुसऱ्याचं पुढून मागे लांबट.

घरी तीन मापं घ्या. घेर शिंप्याच्या टेपने, भुवयांच्या वर दोन सेंमी आणि मागे डोकं जिथे सर्वांत फुगीर आहे तिथून. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठं माप धरा. लांबीसाठी भिंतीला डोक्याची मागची बाजू टेकवून उभे राहा, कपाळाला जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला समांतर लावा आणि भिंत ते पुस्तक हे अंतर दुसऱ्या कोणाला मोजायला सांगा. रुंदीसाठी कानांच्या वर दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं हलकेच दाबून धरा आणि मधलं अंतर मोजा.

गोल डोक्यावर लांबट साच्याचं हेल्मेट घातलं की कानशिलं दाबली जातात आणि पुढे-मागे फट राहते. लांबट डोक्यावर गोल साचा घातला तर कपाळाच्या मधोमध लाल पट्टा उमटतो आणि बाजूंना हेल्मेट हलतं. यातलं काहीही ‘वापरून सैल होईल’ म्हणून घेऊ नका. गालांचे पॅड वापराने बसतात. कपाळासमोरचं थर्माकोल बसत नाही.

पंचवटीकर

मोजलं. लांबी २०.६, रुंदी १६.४.

घाटवळण

म्हणजे मध्यम लंबगोल, सर्वांत सोयीचा आकार. अराई आणि शोएई यांच्या या दोन मॉडेलांचा साचा साधारण याच डोक्यासाठी आहे. पिस्ताची ठेवण मला या दोघांपेक्षा गालांकडे आणि कानांकडे अरुंद वाटते, पण घालून बघितल्याशिवाय तिला बाद करू नका.

मीडियम की लार्ज हे डोक्याच्या वरच्या भागावरून ठरवा, गालांवरून ठरवू नका. वरचा भाग मीडियममध्ये सगळीकडे सारखा टेकत असेल, कुठेही टोचत नसेल आणि फक्त गाल फार आवळले जात असतील, तर मीडियमच घ्या आणि गालाचे पॅड एक माप पातळ बसवा. शोएईचे पॅड वेगवेगळ्या जाडीत मिळतात. अराईच्या गालाच्या पॅडला आत ५ मिमीचा एक थर असतो, तो सोलून काढता येतो. उलटं करू नका. लार्जमध्ये वर फट आहे म्हणून जाड पॅड कोंबले की गाल घट्ट लागतात आणि डोकं आत मोकळंच फिरतं.

दुकानात हेल्मेट चढवताना पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ओढा, म्हणजे कान दुमडत नाहीत. मग पट्टा लावून किमान अर्धा तास घालून बसा. आरसा समोर ठेवा, हेल्मेट हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा. गालांची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून घसरलं तर ते मोठं आहे. नंतर कोणालातरी हेल्मेटची मागची कड धरून वर-पुढे ढकलायला सांगा. पट्टा बांधलेला असूनही ते डोळ्यांवर यायला लागलं तर परत द्या. नवं हेल्मेट घालून बोलताना गालाची आतली बाजू दातांत येते, ते ठीक आहे. १५-२० तासांच्या वापरात पॅड तेवढे बसतात.

आणि काढल्यावर लगेच आरशात कपाळ बघा. गालांवर खुणा असणं चांगलं, कपाळावर एकाच जागी लाल डाग असेल तर ते हेल्मेट तुमचं नाही.

सातपूर टूलरूम

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. घट्ट का हवं, ते थोडं आतून सांगतो.

डोकं वाचवायचं काम मुख्यतः आतल्या थर्माकोलचं, म्हणजे ईपीएसचं. बाहेरचं कवच आघात पसरवतं आणि टोकदार गोष्ट आत शिरू देत नाही. ईपीएस चेपताना डोक्याचा वेग थोड्या जास्त अंतरात उतरतो. एकूण जाडी काही सेंटीमीटरच असते. डोकं आणि थर्माकोल यांच्यात सैलपणा असेल तर आधी डोकं त्या पोकळीत सुटतं आणि मग आदळतं, म्हणजे चेपायला मिळणारं अंतर वाया जातं. महागड्या हेल्मेटांत ईपीएस एका घनतेचं नसतं. माथ्यावर मऊ, बाजूंना वेगळं, कारण कवच माथ्यावर आणि कडेला सारखं लवत नाही.

कवचाचे आकार किती, हे दुकानदाराला जरूर विचारा. स्वस्त हेल्मेटांत एक-दोन कवचांतच सगळी मापं बसवतात, मग लहान डोक्यावर टोपलीएवढं हेल्मेट येतं. या यादीतल्या हेल्मेटांना जास्त कवचं आहेत.

कार्बन की फायबर, यावर फार रक्त आटवू नका. दोन्हींत रेझिन आहे, दोन्हींत थर आहेत. कार्बनमुळे शंभरेक ग्रॅम वाचत असतील, तर दिवसभराच्या ट्रॅकवर मानेला ते कळतात. अंबडला जाताना कळणार नाहीत. अराई अजूनही मुख्यत्वे काचतंतूवर भर देते आणि कवच गोलसर, गुळगुळीत ठेवते, म्हणजे पडल्यावर हेल्मेट कुठे अडकण्याऐवजी घसरत जावं. मला हा विचार पटतो.

मागच्या स्पॉयलरला (वारा कापणाऱ्या पट्टीला) धरून हेल्मेट उचलू नका. तो आघातात सुटून जावा असाच बसवलेला असतो.

कॉलेजरोडवाला

शिक्क्यांबद्दल लिहितो, कारण इथे लोक फसतात.

आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवणं, आयात करणं किंवा विकणं बेकायदा आहे. मानक आयएस ४१५१. नाशकात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम झाली तेव्हा बरेच जण पंपापुरतं काहीतरी डोक्यावर ठेवायला लागले. त्या टोपल्यांवरही खोटा आयएसआय छापलेला असायचा. खरा शिक्का असेल तर त्याच्याबरोबर सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसतं. नाव जुळलं नाही तर पैसे देऊ नका, मग हेल्मेट कितीही नावाजलेलं असो. परदेशातून कोणी आणून दिलेलं हेल्मेट कितीही चांगलं असलं तरी त्यावर आयएसआय नसेल तर रस्त्यावर कायद्याच्या नजरेत ते तोकडंच पडतं.

ईसीईचं, म्हणजे युरोपातल्या मानकाचं, लेबल पट्ट्यावर शिवलेलं असतं. वर्तुळात ई आणि शेजारी आकडा. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ९ स्पेन. खाली मंजुरी क्रमांक. त्याची सुरुवात ०६ने झाली तर मानकाची नवी आवृत्ती २२.०६, ०५ने झाली तर जुनी २२.०५. पुढे ‘पी’ असेल तर हनुवटीचा भागही संरक्षक म्हणून तपासला आहे.

२२.०६ मध्ये फरक बराच आहे. जुन्या चाचणीत आघाताचा वेग ७.५ मीटर प्रतिसेकंद होता. नव्यात ८.२चा जोराचा आघातही आहे आणि ६चा हलकाही. हलका यासाठी की फक्त मोठ्या धडकेसाठी बनवलेलं कडक हेल्मेट छोट्या पडण्यात डोक्याला जास्त झटका देतं. शिवाय ४५ अंशांच्या तिरक्या पृष्ठभागावर ८ मीटर प्रतिसेकंदाने टाकून डोकं किती गरगरतं तेही मोजतात. खरे अपघात बहुतेक तिरकेच असतात, म्हणून ही भर मला सर्वांत मोलाची वाटते.

एफआयएमची, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेची, मान्यता वेगळी. ती २०१९ पासून मोटोजीपीत सक्तीची झाली. पट्ट्यावर होलोग्राम आणि क्यूआर कोड असलेलं लेबल असतं. एकाच मॉडेलचं रस्त्याचं रूप आणि एफआयएमवालं रूप वेगवेगळं असू शकतं, तेव्हा मॉडेलच्या नावावर जाऊ नका, लेबल वाचा. ट्रॅक डेला सहसा ईसीई चालतं. शर्यतीत उतरायचं असेल तर त्या स्पर्धेची नियमावली आधी मागवून बघा.

डीओटीचा, म्हणजे अमेरिकेचा, शिक्का पाहून हुरळून जाऊ नका. तिथे कंपनी स्वतःच स्वतःला प्रमाणित करते.

रविवारची फेरी

२२.०५चा जुना माल चांगल्या सवलतीत मिळतोय म्हणतात. चालेल का?

कॉलेजरोडवाला

२२.०५ म्हणून ते रातोरात निरुपयोगी झालं असं नाही. पण बनावटीची तारीख बघा. ती माथ्याचं अस्तर काढल्यावर ईपीएसवर चिकटवलेल्या कागदावर किंवा पट्ट्याच्या लेबलवर असते. दुकानदारासमोर अस्तर काढायला संकोचू नका. बऱ्याच कंपन्या खरेदीपासून पाच वर्षं आणि बनावटीपासून सात वर्षं असा हिशोब सांगतात. तीन वर्षं गोदामात पडलेलं हेल्मेट घेतलं तर त्यातली काही वर्षं तुम्ही न वापरताच गमावलीत. निम्म्या किमतीत असेल तर विचार करा, दहा टक्के सूट असेल तर नको.

घाटवळण

एक मुद्दा राहिला. पंचवटीकर, रेसिंग हेल्मेट वाकून बसण्यासाठी बनवलेलं असतं. डोळ्यांसमोरची खिडकी वरच्या बाजूला जास्त उघडी असते, कारण हनुवटी टाकीला टेकवल्यावर बघायचं असतं भुवयांच्या वरून. मागचा उंचवटा आणि स्पॉयलर त्याच स्थितीत वारा कापतात. आरएस ४५७वर बसण्याची ठेवण फार टोकाची नाही, त्यामुळे महामार्गावर ताठ बसलात तर हेल्मेट थोडं मागे-वर ओढलं जाईल. दुकानात गाडी आणता आली तर तिच्यावर बसून वाका. वाकल्यावर वरची कड दृष्टीत येते का आणि हेल्मेटची मागची कड जॅकेटच्या कॉलरला अडते का, ते पाहा.

आवाज फार असतो. हवा खेळती ठेवायची म्हणून आत कापड कमी, भोकं जास्त. फोमचे इअरप्लग वापरा. बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत ३० सेकंद दाबून धरा. नुसतं टोक कानात अडकवलं तर काही उपयोग नाही.

आणि शहरात ते गरम होणारच. हवेच्या खिडक्या वेगावर चालतात. द्वारका चौकात एप्रिलच्या दुपारी सिग्नलला उभं राहिल्यावर लाखाचं हेल्मेट आणि चार हजारांचं हेल्मेट सारखंच तापतं. रोज अंबडला जायला मी तरी ईसीई आणि आयएसआय दोन्ही असलेलं पाच-सात हजारांचं वेगळं हेल्मेट ठेवायला सांगेन.

सातपूर टूलरूम

इथे थोडा असहमत. डोकं रोज तेच असतं, आणि कसाऱ्यापेक्षा पाथर्डी फाट्याला ट्रकखाली येण्याची शक्यता कमी नाही. चांगलं घेतलंय तर रोज घाला. अस्तर झिजलं तर बदलून मिळतं.

घाटवळण

मुद्दा मान्य आहे. अट एकच, मग अस्तराचा दुसरा संच घेऊन ठेवा. रोजच्या घामाने ते एका मोसमात आंबतं, आणि धुतलेलं वाळेपर्यंत दुसरं चढवता आलं पाहिजे.

मेघा इंदिरानगर

चष्मा आणि लांब केस असणाऱ्यांनी काय बघावं? वर कोणी लिहिलं नाही.

घाटवळण

ताई, चष्म्याच्या काड्या सरळ हव्यात, कानामागे वळलेल्या अडतात. हेल्मेट घातल्यावर काडी गालाच्या पॅडच्या वरच्या खाचेतून सरळ आत गेली पाहिजे. चष्मा वर उचलला जात असेल किंवा कानावर दाब येत असेल तर पॅड किंवा मॉडेल बदला. दुकानात अर्धा तास बसायचं ते चष्मा घालूनच.

केसांची वेणी मानेलगत खाली बांधावी. डोक्याच्या मागे अंबाडा किंवा मोठा क्लिप नको, त्याने हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि आघातात तो क्लिप थेट डोक्यात रुततो. माप घेतानाही केस रोज बांधता तसेच बांधून घ्या. आणि खोबरेल तेल लावून हेल्मेट घालू नका. तेल अस्तराच्या फोममध्ये मुरतं, तो चिकट होतो आणि लवकर बसतो. पातळ लायक्राचा बालाक्लावा (डोकं-मान झाकणारी टोपी) घातला तर घाम आणि तेल दोन्ही त्याच्यावर थांबतं, आणि तो रोज धुता येतो.

निफाडची थंडी

धुक्याबद्दल मी लिहिते. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, आणि पावसाळ्यात कसारा-इगतपुरीला ढग रस्त्यावर उतरतात. दोन्ही वेळी व्हायजर, म्हणजे चेहऱ्यासमोरची काच, आतून धुरकटतो. उपाय एकच, पिनलॉक. ही आतून बसवायची दुसरी काच. कडेची सिलिकॉनची रेघ व्हायजरला चिकटून मध्ये हवेचा थर अडकवते आणि आतली काच ओल शोषते. ७० आणि १२० अशा प्रती मिळतात. १२० जास्त वेळ धुकं थोपवते. या वर्गातल्या हेल्मेटबरोबर बहुधा पेटीत येते, नसेल तर आधी विचारा.

बसवायची रीत: व्हायजर हेल्मेटमधून काढा, आतून कोमट पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. सपाट टेबलावर मऊ फडक्यावर ठेवून दोन्ही कडा हलक्या हाताने बाहेर ओढत थोडा सपाट करा, मग पिनलॉकची एक खाच एका खिळीत, दुसरी दुसऱ्या खिळीत. व्हायजर सोडला की तो आपोआप आवळतो. सिलिकॉनची रेघ सगळीकडून टेकली का ते उजेडात धरून बघा. टेकलेली रेघ गडद दिसते, सुटलेल्या जागी ती फिकट दिसते. सुटलेली असेल तर खिळी थोडी फिरवा. ती मध्यापासून सरकवून बनवलेली असते, त्यामुळे फिरवल्यावर ताण वाढतो. ताण हवा तेवढाच. फार आवळलं तर पिनलॉक फुगतो आणि रात्री समोरच्या दिव्याच्या दोन-दोन प्रतिमा दिसतात.

पिनलॉक आणि व्हायजर यांच्यामध्ये पाणी दिसलं तर रेघ सुटली आहे, दुसरं कारण नाही. काढा, वाळवा, परत बसवा. पिनलॉकला शॅम्पू, काचेचा स्प्रे, कपड्याचा साबण काही लावायचं नाही. पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसायचं आणि हवेवर वाळू द्यायचं. तो मऊ असतो, घासला की ओरखडे उठतात.

पंचवटीकर

पावसात वरच्या रबरातून पाणी आत येतं, असं ऐकलंय.

निफाडची थंडी

वर्तमानपत्राच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. व्हायजर उघडा, पट्टी वरच्या रबरावर ठेवा, व्हायजर बंद करून पट्टी ओढा. थोड्या जोराने निघाली पाहिजे. डावीकडून उजवीकडे सहा-सात ठिकाणी करून बघा. जिथे पट्टी अलगद सुटते तिथून पाणी येणार. व्हायजर ज्या पट्टीवर बसतो तिचे स्क्रू थोडे सैल करून ती मागे सरकवता येत असेल तर एक बारीक टप्पा मागे घ्या आणि परत तपासा. दोन्ही बाजू सारख्याच सरकवा, नाहीतर व्हायजर तिरका बंद होतो. स्क्रू हातानेच आवळा, ते प्लॅस्टिकच्या आट्यांत जातात.

रबराला महिन्यातून एकदा सिलिकॉन तेलाचा एक थेंब बोटाने पसरून लावा, जास्तीचं पुसून टाका. साखळीचा स्प्रे किंवा गंज सोडवायचं तेल नको, त्याने रबर फुगतं आणि व्हायजरला बारीक तडे जाऊ शकतात.

आणि काळा व्हायजर लावून सापुताऱ्याला जाणाऱ्यांनी साधा व्हायजर पिशवीत ठेवावाच. सूर्य बुडाल्यावर घाटात काळ्या काचेतून खड्डा दिसत नाही.

सातपूर टूलरूम

अराईच्या व्हायजरबद्दल भर. व्हीएएस पद्धतीत व्हायजरची बिजागरी २४ मिमी खाली आणली आहे, म्हणजे कानशिलाजवळचा कवचाचा भाग मोकळा आणि गुळगुळीत राहावा. व्हायजर काढताना बाजूचं झाकणही निघतं. परत लावताना खूप जण इथे चुकतात: झाकणाची एक कड बसते, दुसरी नुसती टेकलेली असते, आणि महामार्गावर ते उडून जातं. बसवल्यावर तळहाताने पूर्ण दाबून दोन्ही कडा नखाने तपासा. घरी बसल्या जागी आठ-दहा वेळा काढ-घाल करा, मग ट्रॅकवर अडत नाही.

कॉलेजरोडवाला

धुण्याबद्दल. संध्याकाळी दिंडोरी रोडने आलं की द्राक्षबागांकडचे किडे व्हायजरवर चिकटतात, आणि सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरभर बारीक धूळ आहे. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. ओलं जाड फडकं व्हायजरवर दहा मिनिटं टाकून ठेवा, किडे भिजून आपोआप सुटतात. मग वाहत्या पाण्याखाली बोटाने, लागलं तर लहान मुलांच्या शॅम्पूचा एक थेंब. काच पुसायचे निळे स्प्रे, सॅनिटायझर, पेट्रोल, थिनर यातलं काहीही नको.

आतलं अस्तर काढताना आधी हनुवटीचा पडदा, मग गालांचे पॅड बटणांजवळ बोट घालून एकेक, शेवटी माथ्याचं. मध्ये धरून ओढलं तर बटणाची प्लॅस्टिक पट्टी तुटते. कोमट पाण्यात बेबी शॅम्पू, हाताने दाबून-दाबून. पिळायचं नाही. स्वच्छ पाणी निघेपर्यंत खळबळा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत पंख्याखाली वाळवा. गालाच्या जाड पॅडला आतून वाळायला दोन दिवसही लागतात. ओलसर बसवले तर आषाढात बुरशी धरते. ईपीएस पाण्यात बुडवू नका, ओल्या कापडाने पुसा.

दसऱ्याला गाडीबरोबर हेल्मेटचीही पूजा होते. मॅट रंगावर ओलं हळद-कुंकू लावू नका. हळदीचा डाग त्या खरबरीत थरात शिरतो आणि निघत नाही. शेजारी पाटावर ठेवून फूल वाहा.

ठेवताना आरशावर टांगू नका. आरशाची दांडी ईपीएसमध्ये खड्डा पाडते आणि तेवढ्या जागी संरक्षण कमी होतं. डिकीत पेट्रोलच्या बाटलीशेजारीही नको. पेट्रोलच्या वाफेने थर्माकोल विरघळतं, आणि ते अस्तराखाली असल्याने दिसत नाही.

रविवारची फेरी

इंटरकॉम आणि कॅमेरा?

सातपूर टूलरूम

रेसिंग हेल्मेटच्या कडेला क्लॅम्प बसायला जागा कमी असते, तिथे चिकटवायचा स्टँड वापरा. कानाची खाच उथळ असेल तर स्पीकर पातळ घ्या. स्पीकर बसावा म्हणून ईपीएस कोरू नका, कवचाला भोक पाडू नका. कॅमेऱ्याला बहुतेक ट्रॅकवर हेल्मेटवर परवानगी नसते, गाडीवर लावा.

ट्रॅकसाठी टेअर-ऑफ (व्हायजरवर लावून मळले की ओढून काढायचे पातळ पारदर्शक थर) लावणार असाल तर ओढायचं टोक डावीकडे ठेवा, उजवा हात थ्रॉटलवर असतो. पावसात टेअर-ऑफ नकोत, थरांमध्ये पाणी शिरतं.

रविवारची फेरी

हेल्मेट हातातून पडलं तर फेकायचं का?

सातपूर टूलरूम

रिकामं हेल्मेट सीटवरून घरंगळलं तर बहुधा रंगच उडतो, कारण ईपीएस चेपतं ते आत डोक्याचं वजन असताना. तरी अस्तर काढून ईपीएसवर चीर, चकाकता चेपलेला भाग किंवा कवचापासून सुटलेली कड दिसते का ते बघा. कवचावर ताऱ्यासारखे तडे असतील तर संपलं. नाणं वाजवून आवाज ऐका, एखाद्या जागी बद्द वाजला तर थर सुटले असतील. खणखणीत वाजला म्हणून मात्र ते शाबूत ठरत नाही.

डोक्यावर असताना जमिनीला लागलं असेल तर एकच उत्तर आहे, बदला. बाहेरून ओरखडा छोटा असला तरी. आणि म्हणूनच जुनं हेल्मेट विकत घेऊ नका.

सिव्हिलची परिचारिका

कृपया हे सगळ्यांनी वाचा आणि बरोबरच्या राइडरनाही सांगा.

पडलेल्या माणसाचं हेल्मेट लगेच ओढू नका. आधी १०८ला फोन, रहदारी थांबवा. व्हायजर उघडून श्वास चालू आहे का ते पाहा. नीट श्वास घेत असेल, उलटी होत नसेल, तर मान न हलवता तसंच ठेवा. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तरच काढा, आणि दोघांनी मिळून. एकाने डोक्यामागे गुडघ्यांवर बसून हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरून मान सरळ रेषेत ठेवायची. दुसऱ्याने पट्टा सोडायचा, डी-रिंग (पट्टा अडकवायची दोन कडी) सुटत नसेल तर कात्रीने कापायचा. शोएई, अराई अशा हेल्मेटांना गालांच्या पॅडखाली लाल किंवा नारिंगी पट्ट्या असतात. त्या खाली ओढल्या की गालांचे पॅड निघून येतात आणि हेल्मेट सैल होतं. मग दुसऱ्याने एक हात मानेखाली, एक हनुवटीला धरून डोकं पेलायचं आणि पहिल्याने हेल्मेटच्या बाजू फाकवत सावकाश मागे काढायचं. चष्मा आधी काढा. हेल्मेट निघताना डोकं एकदम खाली आपटतं, तिथे खालच्या माणसाने तयार राहायला हवं.

त्या पट्ट्या नव्या हेल्मेटच्या आत ढकललेल्या असतात. त्या कुठे आहेत हे प्रत्येकाने स्वतःच्या हेल्मेटमध्ये आजच बोटाने चाचपून ठेवा.

डी-रिंगबद्दलही. पट्टा दोन्ही कड्यांतून आत घालायचा आणि परत येताना फक्त एका कड्यातून, म्हणजे दोन कड्यांच्या मधून बाहेर काढायचा. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. टोकाचं बटण फक्त पट्टा फडफडू नये म्हणून असतं. ते बटण लावून पट्टा बांधलाय असं समजणारे लोक आहेत, आणि त्यांचं हेल्मेट पहिल्याच आघातात डोक्यावरून निघून जातं.

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी मुंबईला जाऊन अराई आणि शोएई, दोन्हींचे मीडियम आणि लार्ज घालून बघतो. बरोबर काय नेऊ?

घाटवळण

तुमचं राइडिंगचं जॅकेट, बालाक्लावा, इअरप्लग, आणि अस्तराखालची तारीख वाचायला छोटी बॅटरी. घेर फुगलेला नसताना माप घ्या, म्हणजे रात्रीच्या प्रवासानंतर सुजलेल्या चेहऱ्याने नको. दुपारी निवांत जा, दुकानात गर्दी नसते तेव्हा तासभर बसू देतात. लार्ज आधी घाला, मीडियम नंतर. मीडियम काढल्यावर लार्ज नेहमीच आरामशीर वाटतो आणि तिथेच निवड चुकते. पसंत पडलेल्याच्या पट्ट्यावरच्या लेबलाचा आणि आयएसआय क्रमांकाचा फोटो इथे टाका, पैसे देण्याआधी आम्ही बघून सांगतो.